संध्याकाळच्या पाळीची अंडी

अंडं हा मुळात विश्वासाचा विषय आहे. दुधात बोट बुडवून बघता येतं, वांगं दाबून बघता येतं, आणि मटण घेताना तर कोल्हापूरचा माणूस बकऱ्याची जन्मपत्रिका सोडून बाकी सगळं विचारतो. अंड्याला मात्र कवच असतं. आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही आणि फोडल्यावर परत करता येत नाही. (नारळाचंही तसंच आहे म्हणा. पण नारळ नासका निघाला तर 'देवाला पोचला' असं म्हणायची सोय असते. नासकं अंडं कुणालाही पोचत नाही.) म्हणून सुधारलेला समाज अंडं बघत बसत नाही, अंड्याचं घराणं बघतो. कोंबडी कुठली, फिरती की बसकी, काय खाते, कुणाच्या दारात वाढली, हे समजलं की मग अंडं दिसलं नाही तरी चालतं.

आणि कोल्हापुरात कुठलीही शंका आली की तिच्यावर उपाय एकच. इथं दोन माणसं जमली की चहा होतो, चार जमली की तालीम होते आणि सात जमली की संस्था होते. (आठवा माणूस विरोधी पॅनेल.)

उदयसिंहराव दूध संघाच्या संकलन विभागातून निवृत्त झालेले. उभा जन्म त्यांनी सकाळी आणि संध्याकाळी खेड्यापाड्यांतलं दूध शहरात आणण्यात घातला. त्यामुळं पांढरी वस्तू गावातनं शहरात कशी आणायची याबद्दल त्यांच्या मनात काडीचा गोंधळ नव्हता. फुलेवाडीच्या अंगाला एका अपार्टमेंटात तिसऱ्या मजल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी निशिगंधाबाई असे दोघंच राहायचे. इमारतीला लिफ्ट आहे. ती मागच्या सर्वसाधारण सभेपासून दुरुस्तीसाठी विचाराधीन आहे.

पावसाळा सरता सरता निशिगंधाबाईंना टायफॉइड झाला. ताप गेला, पण जाताना बाईंची सगळी ताकद बरोबर घेऊन गेला. केस गळाले, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तोंड धुऊन आल्या तरी पलंगावर टेकायला लागायचं. एरवी ह्या बाई रोज संध्याकाळी रंकाळ्याला जाणाऱ्या. तलावाच्या कठड्यावर बसायचं, भेळ खायची, चार ओळखीच्या बायकांच्या सुनांविषयी ऐकून घ्यायचं आणि आपल्या पायानं घरी यायचं. आता त्यांना दुसरं काही नको होतं. सोनं नको, साडी नको. तेवढा एक जिना उतरून रंकाळ्याला जायचं होतं.

डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "औषध बास झालं. आता रोज दोन अंडी द्या. उकडून."

"कुठली?" उदयसिंहरावांनी विचारलं.

"कोंबडीची."

उदयसिंहरावांना डॉक्टर अर्धवट शिकलेले वाटले.

अपार्टमेंटच्या फाटकाला लागूनच रफिकचं दुकान आहे. दारातच अंड्यांचे ट्रे कमरेएवढे रचलेले असतात. घरी परतताना निशिगंधाबाई रिक्षातनंच म्हणाल्या, "ही घ्या की दोन. आजपास्नं सुरू करू."

"ती पोल्ट्रीची. त्यात सत्त्व नसतं."

"मग सत्त्वाची आणा. पण लवकर आणा."

"आणतो की," उदयसिंहराव म्हणाले, आणि त्यांनी संध्याकाळी पार्किंगमध्ये बैठक बोलावली.

इथं कुणाचा गैरसमज होऊ नये. उदयसिंहरावांचा बायकोवर फार जीव. ताप चढायचा तेव्हा हा माणूस तिच्या उशाशी बसून अंबाबाईला काय काय बोलला ते आम्ही इथं लिहीत नाही. पण जी वस्तू जिना उतरला की मिळते ती आपल्या माणसाला द्यायची म्हणजे त्या माणसाची किंमत कमी करणं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. प्रेम जितकं मोठं तितकी वस्तू लांबनं आली पाहिजे.

बैठकीपूर्वी इमारतीची पाहणी करण्यात आली. शंभर टक्के कुटुंबांना गावठी अंडी हवी होती. नव्वद टक्क्यांना गावठी अंडं नुसतं हातात घेऊन ओळखता येत होतं. गावठी कोंबडी शेवटची कधी बघितली, या प्रश्नाला पंच्याऐंशी टक्के सभासदांनी 'जत्रेत, ताटात' असं उत्तर दिलं. एवढा भरभक्कम पाठिंबा बघून 'गावठी अंडी उत्पादक, संकलक व ग्राहक सहकारी संस्था (नियोजित)' त्याच बैठकीत जन्माला आली. अध्यक्ष उदयसिंहराव. उपाध्यक्ष तळमजल्यावरचे हंबीरराव, जे पूर्वी एका पतसंस्थेचे संचालक होते आणि तेव्हापासून खुर्ची दिसली की बसतात. चिटणीस समोरच्या फ्लॅटमधले बाळासो. हे शाळेत कवायत शिकवायचे, त्यामुळं शिस्तीचा प्रश्नच मिटला.

पहिल्याच रविवारी तिघं पदाधिकारी हंबीररावांच्या गाडीतनं शाहूवाडीकडं निघाले. तिकडं डोंगराच्या कुशीत एका वाडीवर शालूबाई नावाच्या बाईच्या दारात कोंबड्या मोकळ्या फिरतात, अशी बातमी होती. बातमी खरी निघाली. कोंबड्या फिरत होत्या, उकिरडा उकरत होत्या, एक तर हंबीररावांच्या बुटाच्या नाडीला किडा समजून लागली होती. शालूबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, चहा टाकला आणि शहरातनं पावणं आल्यात म्हणून बुट्टीतली अंडी पदरानं एकेक पुसून समोर ठेवली.

उदयसिंहरावांनी एक उचललं. उजेडाकडं धरलं. मग बाळासोंकडं दिलं. बाळासोंनी हंबीररावांकडं दिलं.

"एवढी स्वच्छ?" हंबीरराव म्हणाले.

"पुसल्यात की मी. तुमच्यासमोरच पुसल्यात न्हवं."

"तेच म्हणतोय मी," उदयसिंहराव गंभीरपणे म्हणाले. "आमच्या इथं खाली दुकानात असली स्वच्छ मिळत्यात."

शालूबाईचा नवरा आकाराम उंबऱ्यात बसला होता. त्यानं बायकोकडं बघितलं, बायकोनं कोंबडीकडं बघितलं. कोंबडीनं काही खुलासा केला नाही. सगळा माल अस्सलतेच्या अभावी नाकारण्यात आला. परतीच्या वाटेवर पदाधिकाऱ्यांना सपाटून भूक लागल्यामुळं त्यांनी रस्त्याकडच्या एका हॉटेलात प्रत्येकी एक डबल ऑम्लेट खाल्लं. (ही अंडी कुठली, याची चौकशी करण्यात आली नाही. ते वैयक्तिक खाणं होतं.)

त्या दौऱ्यातून संस्थेनं धडा घेतला आणि अस्सलतेचे निकष ठरवले. अंड्यावर विष्ठेचा किमान एक डाग असावा. डाग ओला असल्यास ताजेपणा गृहीत धरावा. चिकटलेल्या पिसाला प्राधान्य. पेंढ्याची काडी असल्यास उत्तम, परंतु सक्ती नाही. आकार लहान असावा, कारण गरिबाघरचं अंडं मोठं असेलच कसं? रंग चहासारखा असावा. हे निकष बाळासोंनी फोनवरून शालूबाईला वाचून दाखवले. मग शालूबाई म्हणाली, "घाण लावून पायजे, असं म्हंतासा?"

"लावून नको. असलेली पाहिजे."

"बरं," शालूबाई म्हणाली.

बाई हुशार. पुढच्या खेपेला बुट्टी उघडली तेव्हा पदाधिकाऱ्यांचे डोळे भरून आले. प्रत्येक अंडं शेणामातीनं माखलेलं आणि प्रत्येकाला न चुकता एक पीस. एकाही अंड्याला दोन नाहीत, एकही अंडं पिसाविना नाही. निसर्गातसुद्धा केवढी शिस्त असते, असं बाळासो म्हणाले. (एक पीस कबुतराचं असावं अशी शंका हंबीररावांनी काढली. ती विरोधी सूर म्हणून फेटाळण्यात आली.)

निशिगंधाबाई दारात वाट बघत उभ्या होत्या. उभ्या म्हणजे चौकटीला टेकून. "आणली?"

"आणली की."

"कुठायत?"

"खाली पार्किंगमधी, संस्थेच्या ऑफिसात. उद्घाटन झाल्याबिगर त्यातलं एकबी फोडता येत न्हाई."

"मला फोडायची न्हाईत. खायची हाईत."

उदयसिंहरावांना वाईट वाटलं. खरोखरच वाटलं. पण ते अध्यक्ष होते. पहिला माल अध्यक्षाच्या घरात गेला तर चार लोक काय म्हणतील? अशाच गोष्टींनी सहकार बुडाला, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं. निशिगंधाबाई आत गेल्या आणि पलंगावर आडव्या झाल्या.

उद्घाटनाच्या पाहुण्यांना सवड मिळेपर्यंत ऑक्टोबरची हीट सुरू झाली होती. अखेर मांडव उभा राहिला, हार आले, आणि नारळ फोडण्याची जुनी पद्धत बाजूला सारून पाहुण्यांच्या हस्ते पहिल्या तुकडीतलं अंडं फोडण्यात आलं. ते फुटताक्षणी मांडव रिकामा झाला. त्यामुळं सगळी भाषणं आपोआप टळली, आणि इमारतीच्या इतिहासातला हा सर्वांत आटोपशीर कार्यक्रम म्हणून त्याची नोंद झाली.

आता रीतसर संकलन सुरू झालं, आणि इथं उदयसिंहरावांचा अनुभव कामी आला. संकलन म्हणजे दोन पाळ्या. सकाळची आणि संध्याकाळची. गेली कित्येक वर्षं या जिल्ह्यात हे असंच चालत आलंय, आणि ते कुणी म्हशीला विचारून ठरवलेलं नाही. पहिल्या आठवड्याचा तक्ता समोर आला तेव्हा उदयसिंहरावांच्या कपाळावर आठी पडली. सकाळची पाळी भरलेली, संध्याकाळची सगळी कोरी. त्यांनी लगोलग फोन लावला.

"शालूबाई, सांजचं कलेक्शन शून्य दिसतंय."

"सांजचं कोंबडी घालत न्हाई हो सायेब. सकाळच्यानं एकदाच घालती. ते बी रोज न्हाई."

"म्हशी देत्यात की दोन टायमाला."

मग शालूबाईनं विचारलं, "सांजच्याला अंडी पायजेच काय?"

"पाहिजेच. त्याबिगर संकलन पुरं होत न्हाई. कोंबड्यांना जरा शिस्त लावा."

"बरं. लावती," शालूबाई म्हणाली.

आणि तिनं लावली. दुसऱ्याच आठवड्यात संध्याकाळची पाळी सुरू झाली. महिना भरायच्या आत संध्याकाळचं संकलन सकाळच्या तिप्पट झालं. शिवाय सकाळची अंडी लिंबाएवढी, तर संध्याकाळची चांगली मोठी, एकसारखी, ट्रेमध्ये घट्ट बसणारी. रंग मात्र दोन्हींचा चहासारखा. संध्याकाळच्या अंड्यांचा रंग तर इतका अस्सल की बोटाला लागायचा आणि हुंगला तर आल्याचा वास यायचा. देखरेख असली की जनावर काय करू शकतं याचं हे उदाहरण आहे, असं उदयसिंहरावांनी मासिक बैठकीत सांगितलं. लहान आकाराचा निकष त्याच बैठकीत 'प्रगतीला बाधक' म्हणून रद्द करण्यात आला.

एकदा दुपारी उदयसिंहरावांना आकाराम फाटकाबाहेर रफिकच्या दुकानासमोर दिसला. मोटरसायकलच्या दोन्ही अंगांना आणि मागच्या सीटवर तो पांढऱ्या अंड्यांचे ट्रे बांधत होता. उदयसिंहरावांना बघून तो जागच्या जागी थिजला. उदयसिंहरावांनी मात्र त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काय हा माणूस! दारातली अस्सल अंडी शहरातल्या आजाऱ्यांना देतो आणि स्वतःच्या लेकराबाळांसाठी पोल्ट्रीची घेऊन जातो. असा त्याग आपल्यानं झाला नसता, असं ते घरी येऊन निशिगंधाबाईंना म्हणाले.

साठवणुकीचाही शास्त्रीय विचार झाला. अंडं धुवायचं नाही, कारण धुतलं की कवचाची छिद्रं उघडी पडतात. टोक खाली, बूड वर. पेन्सिलीनं तारीख आणि पाळी लिहायची. हंबीररावांनी आपला जुना फ्रिज संस्थेला देणगी दिला, पण त्यांच्या सासूबाई पूर्वी त्यात देवाचा प्रसाद ठेवत असल्यामुळं त्यात अंडी ठेवू नयेत, अशी अट घातली. अट मान्य झाली. फ्रिज ऑफिसात चोवीस तास चालू असतो. अंडी त्याच्यावर ठेवतात.

राहता राहिलं वाटप. वाटप रोज करायचं ठरलं होतं, पण सभासदांचे वार निघाले. महादेवाचा सोमवार, अंबाबाईचा मंगळवार आणि शुक्रवार, दत्ताचा गुरुवार, मारुतीचा शनिवार, जोतिबाचा रविवार. कुणा एकाचे सगळे नव्हते, पण सगळ्यांचे मिळून सगळे होते. ज्याच्या घरात वार असेल त्याच्या दारावरनं अंडी न्यायची म्हणजे त्याच्या भावना दुखावणं. उरला बुधवार. तेव्हा दर बुधवारी, कुटुंबामागं चार अंडी. अध्यक्षांच्या चारांतली दोन नमुना तपासणीसाठी फोडायची, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको, असं उदयसिंहरावांनी स्वतःहून सुचवलं. तिसरं बहुधा घाटरस्त्यात तडकलेलं असायचं. चौथं ते दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून तिसऱ्या मजल्यावर न्यायचे.

"डॉक्टर रोज दोन म्हणले हुते," निशिगंधाबाई म्हणायच्या.

"ते पोल्ट्रीच्या हिशेबानं. ह्याची ताकद बघ की."

ती ताकद एका सोमवारी बघायला मिळाली. उदयसिंहराव पार्किंगमधली बैठक आटोपून जिना चढत होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर निशिगंधाबाई पायरीवर बसलेल्या दिसल्या. नेसत्या साडीवर शाल, पायात बाहेरच्या चपला. रंकाळ्याला निघाल्या होत्या. अर्धा जिना उतरल्यावर पायातलं बळच गेलं. खाली जाता येईना, वर येता येईना. किती वेळ बसल्या होत्या, त्यांनाही सांगता येईना.

"कुणाला हाक मारायची न्हाईस व्हय?"

"मारली की. तुमची मीटिंग चालू हुती. टाळ्या वाजवत हुता सगळी."

काखेत हात घालून त्यांनी तिला उठवलं तर ती हाताला लागेचना, इतकी हलकी झाली होती. वर आणून पलंगावर निजवल्यावर ते गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि घळाघळा रडले. ही बाई आपल्या हातनं निसटणार, असं त्यांना वाटलं. बायकोशिवायचं घर त्यांच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्यांना ते बघवेना. त्यांनी डोळे पुसले, खाली गेले, आणि संकलनावर देखरेखीसाठी दक्षता पथक नेमलं.

आणि दक्षता पथकाचा गुण आला. पंधरवड्यात निशिगंधाबाई घरातल्या घरात फिरायला लागल्या. आणखी काही दिवसांनी तोंडावर तजेला आला, बांगड्या पुन्हा मनगटावर उतरल्या. एके दिवशी उदयसिंहराव बैठकीत असताना त्या कुणाचा हात न धरता जिना उतरून पार्किंगमध्ये येऊन उभ्या राहिल्या. बैठक थांबली. उदयसिंहराव बोलायला उठले आणि रुमाल शोधत परत खाली बसले. चिटणिसांनी त्या दिवशीच्या इतिवृत्तात लिहिलं की अस्सल गावठी अंडं आठवड्याला एक हे पोल्ट्रीच्या चौदा अंड्यांच्या बरोबरीचं असल्याचं आता सिद्ध झालेलं आहे.

वार्षिक सभेला मोठा मांडव घातला. शेजारच्या दोन अपार्टमेंटांनी सभासदत्वासाठी रांग लावली होती. शालूबाई आणि आकारामला आदर्श उत्पादक म्हणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. पहिल्या लाभार्थी निशिगंधाबाई यांचा शाल आणि अंड्यांचा ट्रे देऊन सत्कार झाला आणि बाळासोंनी माईक त्यांच्या हातात दिला. उदयसिंहरावांनी खिशात रुमाल चाचपून ठेवला.

निशिगंधाबाई नेसरीकडच्या. तिकडं सत्काराला भिऊन खोटं बोलायची पद्धत नाही.

"माझा सत्कार कशाबद्दल केलासा ते मला कळलं न्हाई," त्या म्हणाल्या. "मी रफिकच्या दुकानातली अंडी खाल्ली. पांढरी, पोल्ट्रीची. जिन्यात बसले हुते न्हवं, त्याच्या दुसऱ्या दिवसापास्नं. आमचे हे बाहेर गेले की मी गॅलरीतनं दोरीला पिशवी सोडायची, रफिकभाई दोन अंडी ठेवायचा. रोज दोन. डॉक्टर म्हणले तशी."

मांडवातल्या माना रफिकच्या दुकानाकडं वळल्या.

"रफिकची अंडी चांगलीच असत्यात," आकाराम बोलून गेला, आणि शालूबाईनं त्याला कोपरानं ढोसलं.

हंबीरराव सावरून उठले आणि लाभार्थींचं मनोगत इतिवृत्तातून वगळावं, असा ठराव त्यांनी मांडला. पण बाळासो अजून विचारातच होते. कवायतीचे मास्तर ते, सरळ माणूस. त्यांनी विचारलं, "पर वैनी, एक कळंना. तुमाला तर त्या टायमाला हुबं बी ऱ्हावत नव्हतं. मग उकडत कोण हुतं?"

"मीच की. ओट्याला धरून हुबी ऱ्हायची. मधी खाली बसायची, परत उठायची." निशिगंधाबाईंनी ट्रे बाजूच्या खुर्चीवर ठेवला. "दुसरं कोण हाय घरात?"

उदयसिंहराव त्या घरात होते. हे त्यांच्यासकट सगळ्या मांडवाला एकदमच आठवलं. त्यांनी कोंबडीचं गाव शोधलं होतं, घराणं शोधलं होतं, वाट, पाळी, तारीख, टोक, बूड, सगळं बघितलं होतं. डोंगरापासून तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या अंड्याच्या प्रवासात पातेल्यापासून बशीपर्यंतचा तेवढा टप्पा त्यांच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. त्यांना लाज वाटली. बुधवारचं ते एक अंडंसुद्धा आपण ओंजळीतनं आणून तिच्याच हातात ठेवत होतो.

सभेनं या मुद्द्याची गंभीर दखल घेतली. अंडी उकडण्याबाबत अभ्यास करण्यासाठी पाच पुरुष सभासदांची उपसमिती नेमण्यात आली. संस्थेचं काम आहे तसंच चालू ठेवावं असं एकमतानं ठरलं, कारण रफिकच्या अंड्यांनी बरं वाटणं हा एका कुटुंबाचा वैयक्तिक अनुभव होता आणि शालूबाईंची अंडी हा सर्वांच्या श्रद्धेचा विषय होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उदयसिंहराव उपसमितीच्या अहवालाची वाट न बघता जिना उतरले आणि रफिककडनं दोन अंडी घेऊन आले. निशिगंधाबाई अजून झोपलेल्या होत्या. त्यांनी पातेलं शोधलं, पाणी घातलं, अंडी सोडली, गॅस पेटवला आणि तिथंच अडले. किती वेळ? त्यांनी हळू आवाजात बाळासोंना फोन लावला. बाळासो म्हणाले, "थांबा, विचारून सांगतो," आणि फोन तसाच धरून आतल्या खोलीकडं तोंड करून कुणाला तरी हाका मारायला लागले. हंबीररावांना लावला, तर हा विषय उपसमितीकडं असल्यामुळं आत्ताच बोलणं योग्य होणार नाही, असं ते म्हणाले. शेवटी उदयसिंहराव पातेल्यापाशी नुसतेच उभे राहिले. पाणी उकळलं, उतू आलं, एक अंडं फुटून त्याचा पांढरा धागा पाण्यात सुटला. दुसरं सोलताना निम्मं टरफलाबरोबर गेलं.

निशिगंधाबाई उठून आल्या. बशीत काय आहे ते त्यांना चटकन ओळखता आलं नाही. ओळखल्यावर त्या खुर्चीवर बसल्या आणि दोन्ही अंडी सावकाश खाल्ली.

"मीठ न्हाई," त्या म्हणाल्या.

उदयसिंहरावांनी तीन डबे उघडून बघितले. चौथ्यात मीठ सापडलं.

अंडं किती मिनिटं उकडायचं असतं, हे आम्ही या कथेत कुठंही सांगितलेलं नाही. ज्या वाचकाला ते आत्ता, या क्षणी, स्वयंपाकघराकडं मान न वळवता सांगता येतंय, त्यानं उदयसिंहरावांना खुशाल हसावं. बाकीच्यांनी वेगळा अर्ज करायची गरज नाही. तुमचं सभासदत्व मंजूर झालेलं आहे.